पहिली गाडी, पहिली वही

गेल्या दोन महिन्यांत आलेली पत्रं काल रात्री डायनिंग टेबलावर मांडून बसले. निम्म्याहून जास्त पत्रं पहिल्या गाडीची निघाली. कुणाची नवी, कुणाची वापरलेली, कुणाची पुरात गेलेली. म्हणून या वेळी दुसरे प्रश्न बाजूला ठेवले आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी सत्तावीस वर्षं सांगली, मिरज आणि आसपासच्या तालुक्यांत मोटार विम्याची सर्व्हेअर म्हणून काम केलं. ठोकलेली, बुडालेली, जळालेली गाडी बघायची आणि दुरुस्तीचा खर्च किती मान्य करायचा ते लिहायचं, हे माझं काम. त्यामुळे गाडीवाल्यांना मी बहुतेक वेळा त्यांच्या वाईट दिवशीच भेटले. त्यातले बरेच दिवस टळले असते, हे मनात असतं म्हणूनच हे सदर लिहिते.

प्रश्न : ताई, मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. गेल्या वर्षी पहिली गाडी घेतली, ११९७ सीसीची पेट्रोल. एक्स-शोरूम ६ लाख ४० हजार, ऑन रोड ७ लाख ५५ हजार. २ लाख ५५ हजार साठवलेले होते. ५ लाखांचं कर्ज काढलं, साडेनऊ टक्के, सात वर्षं. हप्ता ८,१७२ रुपये. हप्ता पगारात बसतो हे बघूनच घेतली. पण पेट्रोल, सर्व्हिसिंग आणि आता विम्याचं रिन्युअल, महिना काही पुरत नाही. शाळा अठरा किलोमीटरवर आहे. बायको म्हणते, विकून मोकळे व्हा. काय करू? (एक शिक्षक, तासगाव तालुका)

उत्तर : सर, आत्ता विकू नका. का ते आकड्यांत सांगते.

बारा हप्ते भरून झालेत असं धरते. म्हणजे ९८,०६४ रुपये गेले. त्यात मुद्दल फिटलं जेमतेम ५२,८००, उरलेले ४५ हजार व्याजाचे. बँकेचे अजून ४ लाख ४७ हजार द्यायचे आहेत. इकडे गाडीची किंमत उतरत चाललीय. विम्यासाठी जी किंमत धरतात, म्हणजे आयडीव्ही, ती ठरवताना घसारा असा लावतात : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. आणि हा घसारा एक्स-शोरूम किमतीवर. वरचे १ लाख १५ हजार पहिल्याच दिवशी गेले. त्यात सगळ्यात मोठी रक्कम रोड टॅक्सची. आपल्याकडे दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला तो ११ टक्के, म्हणजे तुमच्या गाडीला ७० हजारांच्या घरात. समजा आज गाडीचे सव्वापाच लाख आले, तर कर्ज फेडून हातात ७८ हजार राहतील. तुमचे गेलेत साडेतीन लाख, आणि शाळा अठरा किलोमीटरवरच राहणार.

शोरूममध्ये सगळं बोलणं हप्त्याभोवती फिरतं, म्हणून तुम्हीही हप्ताच बघितलात. आता बाकीचं मांडू. येऊन-जाऊन ३६ किलोमीटर, शाळेचे २२० दिवस, वर शनिवार-रविवारची फिराफिर आणि लग्नकार्य धरून वर्षाला बारा हजार किलोमीटर होतात. गाडी सोळाचं अॅव्हरेज देत असेल आणि पेट्रोल १०४ रुपयांनी धरलं, तर वर्षाला ७८ हजार, महिन्याला साडेसहा हजार. हे तुम्हाला रोज दिसतं, त्यामुळे त्याचा धक्का बसत नाही. बसतो तो वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चाचा. विमा महिन्याला हजार. सर्व्हिसिंग पाचशे. टायर आज नवे आहेत, पण पंचेचाळीस हजार किलोमीटरला चारही बदलताना अठरा हजार लागतील, म्हणजे आजपासून महिन्याला चारशे. बॅटरी चार वर्षांनी जाईल, तिचे शंभर. अलाइनमेंट, पंक्चर, वायपर, धुणं, पीयूसी मिळून पाचशे. झाले अडीच हजार. (पीयूसी नव्या गाडीला पहिलं वर्ष लागत नाही, तुमचं वर्ष आता संपलं. या आठवड्यातच काढून घ्या. नसेल तर दंड दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो.)

म्हणजे गाडी महिन्याला नऊ हजार खाते, वर हप्ता ८,१७२. सतरा हजार. पगार तोच, फक्त सतरा हजारांच्या जागी तुम्ही पंधरा हजारांची तरतूद केली होती, आणि राहिलेले दोन-अडीच हजार साठून साठून जूनमध्ये एकदम दारात आले.

दोन गोष्टी करा. अडीच हजारांचं आवर्ती ठेव खातं उघडा, पगाराच्या दुसऱ्या दिवशी पैसे आपोआप कापले जातील असं. त्या खात्याला घरात सगळ्यांनी 'गाडीचं खातं' म्हणायचं, आणि दिवाळीला त्याला हात लावायचा नाही. हे अडीच हजार कुठून आणायचे, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. म्हणून दुसरी गोष्ट. तुमच्या शाळेवर किंवा त्याच रस्त्याच्या शाळांवर जाणारे आणखी शिक्षक असतीलच. चौघांनी चार गाड्या आळीपाळीने काढायच्या, एक आठवडा तुमची, एक त्यांची. पैशांची देवघेव नाही, त्यामुळे भाड्याचा प्रश्न येत नाही. शाळेचं पेट्रोल चौथ्या हिश्शावर येईल. खानापूर, आटपाडीकडे मी हे वर्षानुवर्षं बघत आलेय. एका जीपमधून उतरणारे पाच मास्तर, आणि कुणाची गाडी कधी याचं वेळापत्रक स्टाफरूमच्या भिंतीवर.

पुढे वेतनवाढ झाली किंवा फरक मिळाला, तर तो आधी कर्जात घाला. हेच कर्ज पाच वर्षांचं असतं तर हप्ता १०,५०१ बसला असता, पण व्याज १ लाख ३० हजारांत भागलं असतं. सात वर्षांत ते १ लाख ८६ हजार होतंय. फरक ५६ हजारांचा. मुदतीआधी पैसे भरायला शुल्क लागतं का, ते कर्जाच्या करारात आधी वाचून घ्या.

आणि एक वही घाला. माझी पहिली गाडी २००१ साली घेतलेली १९९६ची पांढरी मारुती ८००. वडिलांचं मिरजेत गॅरेज होतं. त्यांनी गाडी तपासून दिली आणि किल्लीसोबत दोनशे पानांची लांबट वही हातात ठेवली. 'पेट्रोल टाकलं की किलोमीटर लिही, काम केलं की तारीख लिही,' एवढंच सांगितलं. मी पहिलं वर्ष पेट्रोल लिहिलं आणि बाकीचं सोडून दिलं. पुढच्या मे महिन्यात सावंतवाडीहून परत येताना आंबोलीचा घाट चढत होते. मागे आई, दोन मुलं, आंब्याच्या पेट्या. अर्ध्या घाटात टेंपरेचरचा काटा लाल रेघेला टेकला. वाटलं, वर पोचू मग थांबू. वर पोचायच्या दोन वळणं आधी बोनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद पडली.

मेकॅनिकने रेडिएटरचा वरचा हौजपाईप काढून माझ्या हातात दिला. क्लिपच्या कडेला बोटाच्या पेराएवढी चीर, आणि रबर वाळक्या भेंडीसारखं कडक झालेलं. तो पाईप नव्वद रुपयांचा. हेड गॅस्केट, हेडचं फेसिंग, कूलंट, टोइंग मिळून बिल झालं सहा हजार आठशे, तेव्हाच्या माझ्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त. वडील रागावले नाहीत. वही मागितली, कोरी पानं उलटली आणि म्हणाले, 'हा पाईप कधी बदलला होता ते तुला माहीत नाही, मला माहीत नाही, आणि गाडीला बोलता येत नाही.' त्या दिवसापासून मी वही सोडली नाही. तुम्हीही फोनमध्ये न लिहिता वहीत लिहा. फोन दोन वर्षांनी बदलतो, वही डॅशबोर्डच्या कप्प्यात राहते.

काटा लाल झाला तर काय करायचं तेही सांगून ठेवते : एसी बंद, हीटर पूर्ण चालू, सुरक्षित जागा बघून लगेच थांबायचं, इंजिन बंद. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. उकळतं पाणी तोंडावर उडालेली माणसं मी बघितली आहेत.

प्रश्न : मी पुण्यात नर्स आहे. पाच महिन्यांपूर्वी ओळखीतल्या एका काकांकडून २०१६ची गाडी घेतली. पैसे पूर्ण दिले, आरसी बुक माझ्याकडे आहे, पण 'नावावर करायचं नंतर बघू' असं म्हणत राहून गेलं. विमा चालू होता, काकांच्या नावाने. मागच्या महिन्यात मी गाडी खांबाला घासली, दरवाजा आणि बंपर गेला. कंपनीने क्लेम नाकारला. हप्ता भरलेला असताना कसा नाकारतात? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : तुमचा राग मला समजतो, पण या बाबतीत कंपनीचं बरोबर आहे. गाडी विकली की थर्ड पार्टी विमा, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा भाग, कायद्यानेच नव्या मालकाकडे जातो. पण गाडीचं स्वतःचं नुकसान भरून देणारा भाग तसा जात नाही. त्यासाठी चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. ती काकांच्या नावावर राहिली. काकांनी गाडी विकलेली, त्यामुळे त्यांचं नुकसान काहीच नाही. आणि नुकसान तुमचं, पण तुमचा करार नाही. माझ्या टेबलावरून असे कितीतरी कागद परत गेलेत, आणि दर वेळी समोरचा माणूस अगदी प्रामाणिक होता.

दरवाजाचे पैसे विसरा. त्याहून मोठी गोष्ट काकांना लगेच सांगा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. त्या खटल्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे अशी विकत गेली होती, पण नोंद पहिल्याच्याच नावावर. अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी त्याच पहिल्या माणसावर आली. आज तुमच्या हातून एखादा अपघात झाला, तर काकांच्या म्हातारपणावर कोर्टाच्या चकरा येतील. हे ऐकल्यावर ते सह्या करायला स्वतः उठून येतील.

गाडी नावावर करायला आरटीओत फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्या. काकांचं कर्ज होतं का विचारा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लावून बोजा आधी उतरवावा लागेल. कर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच असतं, असं फार वेळा दिसतं. गाडी एप्रिल २०१९ आधीची आहे, म्हणजे तिला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली लागेल. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. ती नसेल तर आरटीओतली कामं अडतात. आरसी तुमच्या नावावर झाली की त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. काकांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळत नाही, कारण तो गाडीचा नसून माणसाचा असतो. तेवढा फरक भरावा लागेल. कुरकुर न करता भरा. तुम्ही एक वर्ष क्लेम केला नाहीत की तुमचा स्वतःचा बोनस २० टक्क्यांपासून सुरू होईल, पुढे २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५०.

जे आता वापरलेली गाडी घेणार आहेत त्यांच्यासाठी : २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, वरचा सेसही गेला. नवीच स्वस्त झाल्यावर जुनीचा भाव त्याच्या आधीच्या हिशेबाने देऊ नका.

प्रश्न : यंदाच्या पावसात आमच्या अंगणात पाणी आलं, गाडीच्या बंपरपर्यंत. पाणी ओसरल्यावर मुलाने गाडी चालू करून बघितली. दोनदा घरघर झाली, मग खाडकन आवाज होऊन बंद. गॅरेजने इंजिनचं बिल ९२ हजार काढलं. विमा कंपनी सीट आणि वायरिंगचे पैसे देते म्हणते, इंजिनचे नाही. फर्स्ट पार्टी विमा असूनही? (एक वाचक, शिरोळ तालुका)

उत्तर : तुमचं पत्र वाचून ऑगस्ट २०१९ आठवला. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी उतरल्यावर मी रोज गाड्या बघायला जात होते, आणि गुडघ्याएवढा गाळ तुडवत एका सोसायटीतून दुसरीत. त्या दिवसांत मला एक गोष्ट कळून चुकली : पूर्ण बुडालेल्या गाडीच्या मालकाला बहुतेक वेळा पैसे मिळाले, आणि थोडं पाणी लागलेल्या गाडीचा मालक इंजिनवर अडकला. कारण तेच, जे तुमच्या अंगणात घडलं. बुडालेली गाडी कुणी चालू करून बघत नाही.

इंजिनच्या सिलिंडरमध्ये पिस्टन हवा आणि पेट्रोल दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. एअर फिल्टरवाटे आत गेलेल्या पाण्यावर पिस्टन पूर्ण जोराने आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तो खाडकन आवाज त्याचा. पुराचं नुकसान नेहमीच्या पॉलिसीत येतं. पण हे नुकसान पुराने झालं नाही, किल्ली फिरवल्याने झालं, असा कंपन्यांचा अर्थ असतो. ते टाळायला इंजिन प्रोटेक्शन नावाचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. कृष्णा-पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्या प्रत्येकाने ते घ्यावंच, असं माझं स्पष्ट मत आहे. झिरो डेप, म्हणजे बदललेल्या पार्टचा घसारा न कापणारं कव्हर, एक वेळ सोडा, हे सोडू नका.

आता तुमच्यापुरतं. मुलाला बोलू नका, नव्वद टक्के लोक हेच करतील. पॉलिसीची पूर्ण प्रत काढा, पहिल्या पानावर अॅड-ऑनची, म्हणजे वेगळे घेतलेल्या जादा कव्हरची यादी असते. काही वेळा एजंटाने कव्हर घेतलेलं असतं आणि मालकाला माहीतच नसतं. त्यात नसेल तर सर्व्हेअरचा अहवाल लेखी मागा. इंजिनमध्ये पाणी शिरल्यावर फ्लशिंग, ऑइल, फिल्टर एवढं काम चालू न करताही लागलंच असतं. तेवढी रक्कम पुरात धरायला हवी, आणि ती वगळली असेल तर तुमची तक्रार रास्त आहे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जा.

पुढच्या वेळेसाठी : पाणी चढायच्या आत गाडी उंचावर लावा. ते जमलं नाही तर बॅटरीची काळी वायर काढा, पाणी कुठवर आलं त्याचा फोटो घ्या, कंपनीला फोन करा आणि गाडी ओढत न्या. किल्ली घरातल्या देवळीत ठेवा आणि सगळ्यांना सांगा, मेकॅनिक येईपर्यंत तिला हात लावायचा नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांना इथलंच एक काम सांगते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. विकणारा सीट धुतो, कार्पेट बदलतो, सुवास मारतो, पण गुंडाळलेल्या पट्ट्याचा शेवटचा हातभर भाग कुणी धूत नाही. तिथे मातकट आडवी रेघ असेल, आणि नखाने खरवडल्यावर बारीक गाळ निघत असेल, तर नमस्कार करून परत या.

प्रश्न : मी बँकेत कॅशियर आहे. पन्नाशीत गाडी शिकले आणि स्वतःच्या पैशाने घेतली. सर्व्हिसिंगला टाकली की प्रत्येक वेळी फोन येतो : इंजिन फ्लशिंग करावं लागेल, एसीचं डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, इंजेक्टर क्लीनिंग. नाही म्हटलं तर 'मॅडम, नंतर प्रॉब्लेम आला तर आम्हाला सांगू नका' असं म्हणतात. बिल नेहमी नऊ-दहा हजार. बाईमाणूस म्हणून फसवतात का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : थोडं तेही आहे, ते मी गोड करून सांगणार नाही. मी सर्व्हेअर असताना गॅरेजमध्ये पहिल्यांदा गेले की बोलणं माझ्या ड्रायव्हरशी व्हायचं. पण हे फोन पुरुषांनाही येतात.

गाडीसोबत आलेलं मालकाचं पुस्तक काढा. त्यात शेवटी तक्ता असतो, किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय करायचं त्याचा. बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा इंजिन ऑइल आणि फिल्टर. ब्रेक ऑइल, कूलंट, स्पार्क प्लग यांचे टप्पे त्यातच दिलेले असतात. त्या पानाचा फोटो फोनमध्ये ठेवा. फोन आला की एकच वाक्य : 'हे पुस्तकात या किलोमीटरला आहे का?' नसेल तर 'नको, जॉब कार्डवर लिहा की मी नको म्हटलं.' तुम्ही रोज नोटा मोजून घेता, तसंच हे. गाडी देताना किलोमीटरचा आकडा आणि पेट्रोलचा काटा जॉब कार्डवर लिहून घ्या, आणि बदललेला प्रत्येक जुना पार्ट परत मागा. घरी नेऊन काही करायचं नाही, पण मागितला की खरोखर बदलला जातो.

एक काम मात्र गॅरेजवर सोडू नका, टायरची हवा. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर पुढच्या-मागच्या टायरचा आकडा असतो. गाडी थंड असताना, सकाळी, पंपावर जा आणि आकडा स्वतः सांगा. 'नेहमीची भर' म्हणू नका. आणि टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले दिसतील, उदाहरणार्थ २३२१. म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नवे टायर म्हणून तीन वर्षं गोदामात पडलेले कुणी बसवत असेल, तर त्या चार आकड्यांवर बोट ठेवायचं.

प्रश्न : आम्ही दोघं डोंबिवलीत राहतो, दोघांचीही नोकरी लोकलच्या रस्त्यावर. हौसेने घेतलेली पहिली गाडी सहा वर्षांची झाली, महिन्यातून दोनदा निघते. पार्किंगचे दीड हजार, बॅटरी दोनदा बदलली, मागच्या पावसाळ्यात उंदरांनी वायरी खाल्ल्या. विकायचं म्हटलं की पोटात कालवतं. (एक दांपत्य)

उत्तर : पोटात कालवणारच. त्या गाडीतून तुम्ही पहिल्यांदा आईवडिलांना गावी नेलं असेल. तरीही माझा सल्ला आहे, विका. पार्किंगचे अठरा हजार, विमा, वर्षाची सर्व्हिसिंग, बॅटरी हे सगळं गाडी जागेवर उभी राहून मागतेय. चोवीस फेऱ्यांना एवढ्या पैशांत चांगली भाड्याची गाडी ड्रायव्हरसकट मिळते. घरात आजारी माणूस असतं, रात्री-अपरात्री दवाखाना गाठावा लागत असता, तर मी उलट लिहिलं असतं.

विकताना विमा कंपनीकडून नो क्लेम बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्या. तीन वर्षांच्या आत पुन्हा गाडी घेतलीत तर तो बोनस नव्या गाडीला लागेल. आरसीवर नवं नाव आलेलं स्वतः तपासा. काचेवरचा फास्टॅग बंद करा, नाहीतर पुढच्या मालकाचा टोल तुमच्या खात्यातून जाईल. आणि सर्व्हिसिंगची बिलं, बॅटरीची पावती, वही असेल तर वही, सगळं एका पिशवीत घालून गाडीबरोबर द्या. माझी ८०० मी २००९ साली विकली. बघायला आलेल्या गृहस्थांनी बोनेट उघडायच्या आधी वही वाचली, बोनेटला टेकून, सगळी पानं. हौजपाईपच्या नोंदीवर थांबले, 'हा परत बदललाय का?' विचारलं. मी पुढचं पान दाखवलं. त्यांनी भाव केला नाही.